एच मागे लावला

तापकीर गल्लीत, पोरवालांच्या दुकानावर,
नजीरभाई शिडीवर, मी खालून अक्षरं देतोय.
पाच अक्षरं. स्टीलची, फूटभर उंच, सेकंडहँड.
अकरा वर्षं ती कर्वे रोडला होती,
डॉक्टर शेजवलकरांच्या दवाखान्यावर: हार्ट.
डॉक्टर गेले, मुलगी कॅनडात,
बोर्ड किलोच्या भावात.

"नवीन कशाला पाडायची?" नजीरभाई म्हणाले,
"एच पुढून काढ, मागे लाव."
आणि झालंच की. अर्थ.
वायरी, अर्थिंगच्या प्लेटा, घाऊक व किरकोळ.

मला इंग्रजी येत नाही.
मी अक्षरं वजनावर ओळखतो, स्क्रूच्या भोकांवर.
या ए-च्या उजव्या पायाला पोचा आहे.
ह्याच पोच्याखाली, बाकावर,
आई दोन तास बसली होती
ईसीजीची गुंडाळी मुठीत धरून,
आणि मी वर बघत अक्षरं मोजत होतो,
पाच, पुन्हा पाच,
तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून.

पोरवालांना बिल मराठीत हवं होतं.
जुना बोर्ड, नवा बोर्ड, दोन्ही लिहिले एकाखाली एक.
मराठीत काहीच जुळेना.
दोन्हींत सारखा उरला तो फक्त रफार.

त्यांची धाकटी शाळेतून आली, दप्तरासकट वाकून वाचलं,
"अर्थ म्हणजे मीनिंग ना?"

पोरवाल सुटे मोजत होते.
नजीरभाई टेस्टर लावून बघत होते आतल्या बोर्डावर.
अर्थला टेस्टर पेटत नाही.
पेटला, तर घाबरायचं.