मनुक्यांचा चोथा

शनिवारी आमच्या गल्लीत पाणी साडेपाचला येतं.
नळ आधी खोकतो, मग नुसती हवा,
मग लालसर, मग खरं.
चर्चचे प्याले ताज्या पाण्यानंच धुवायचे, हा
हेमलताबाई त्रिभुवनांनी घातलेला नियम.
बाई जाऊन अकरा वर्षं झाली.
मी अजून टाकीला हात लावत नाही.

बावन्न प्याले, अंगठ्याच्या पेराएवढे.
एकाची कड उडालीय.
तो मी दर वेळी बाजूला काढते
आणि दर वेळी पाळक म्हणतात,
राहू द्या, तो माझ्याकडे.

गॅसवर मनुके उकळताहेत,
पिंपळगावचे, तिसऱ्या प्रतीचे, देठांसकट.
खिडकीतून पवारवहिनी विचारतात,
"खीर का हो?"
"नाही, उद्याचं."
"असं होय," म्हणतात आणि लसूण सोलत राहतात.
वीस वर्षांच्या शेजाराला
एवढं धर्मज्ञान पुरतं.

आई मोहाडीच्या बागांत जायची,
एप्रिलात, खरड छाटणीला.
पहाटे चारला टेम्पो,
संध्याकाळी डोक्यावर काड्यांचा भारा.
एका रविवारी उपदेश झाला द्राक्षवेलीवर:
फळ न देणारे फाटे, तोडलेले,
वाळलेले, अग्नीत गेलेले.
मी नऊ वर्षांची. शांतवन मांडीवर झोपलेला.
मला वाटलं, आता आमचीच नावं वाचणार.
शरणपूर रोडवरून घरी येताना
आई बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
"साहेबांनी चूल पेटवलेली दिसत नाही कधी."
आणि घरी येऊन तिनं
त्याच काड्या मोडल्या गुडघ्यावर, कडाकड,
तवा ठेवला.
भाकर अशी फुगली
की शांतवन रडायचा थांबला.

मी ओळी लिहिते विजेच्या बिलांमागे.
चारातल्या तीन तोडाव्या लागतात.
तोडलेल्या टाकवत नाहीत,
बिस्किटांच्या डब्यात ठेवते,
रबरबँडांच्या आणि जुन्या किल्ल्यांच्या खाली.
मनोहर म्हणतो, या डब्याला एक दिवस
वाळवी लागेल.
लागू दे, तीही कुणाची तरी लेकरंबाळंच.

गेल्या वर्षी तो सिव्हिलमध्ये होता, नऊ रात्री.
मला प्रार्थना येईना.
लहानपणापासून पाठ असलेली, रोजची,
तीही अर्ध्यात अडायची.
औषधाच्या खिडकीपुढे टोकन हातात:
एकशे त्रेचाळीस.
तेवढंच म्हणत राहिले मनात,
एकशे त्रेचाळीस, एकशे त्रेचाळीस,
कुणीतरी तो आकडा पुकारेल म्हणून.
पुकारला.
मनोहर घरी आला.
शेजारच्या खाटेवरचा पोरगा, चांदवडचा,
नाही आला.
यावर मी आजवर एक ओळही लिहिलेली नाही.
डब्यातसुद्धा नाही.

पाणी आलं.
आता मनोहर फडकं धरतो, मी ओतते.
रस गाळून खाली उतरतो, गडद,
आणि फडक्यात उरतो चोथा, वाफाळता.
पूर्वी मी तो तुळशीच्या कुंडीत टाकायचे, पवारांच्याच.
एकदा त्यांच्या नातवानं पाहिलं, म्हणाला, "मला."
तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी
एक वाटी भिंतीवरून पलीकडे जाते.
वहिनी त्यात तूप घालतात, वेलची,
रव्यासोबत परततात.
नातू भिंतीवर चढून मला जीभ दाखवतो,
तपकिरी, चिकट.

उद्या बावन्न जण ओळीनं गुडघे टेकतील,
त्याच्या आदल्या रात्री
हा एकटा आधीच जेवून बसलेला.
यासाठी आमच्या उपासनेच्या पुस्तकात विधी नाही.
मी शोधला.

प्याले पालथे घातलेत पंचावर.
कड उडालेला शेवटच्या रांगेत.
दिवा मालवायला गेले तर
भिंतीवर वाटी परत आलेली,
रिकामी पाठवू नये म्हणून
तळाशी चिमूटभर साखर.