नीळ

डाव्या डोळ्याचं सोमवारी.
उजव्याचं झालं, पट्टी निघाली,
आणि गेले तीन आठवडे
मी दोन पुण्यांत राहतो आहे.

उजवा मिटला की
ट्यूबलाइट साजूक तुपाची,
भात फोडणी न देताच पिवळा,
मालनच्या केसांत अजून थोडी मेंदी.
डावा मिटला की
भात म्हणजे भात.
आणि केस, जाऊ दे.

"सारखा डोळा मारू नका," ती म्हणते,
"समोरच्या गॅलरीत माणसं असतात."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगलाच पिकला होता,
जसा काही आढीतला आंबा.
किती वर्षं? विचारलं.
दहा तरी. हळूहळू चढतं ते,
माणसाला कळत नाही.

माणसाला.
मी चुन्यात नीळ घालणारा माणूस.
रविवार पेठेत एकतीस वर्षं
लोक माझ्याकडे नुसते शब्द घेऊन यायचे:
कोवळ्या शेंगेसारखा द्या,
आमच्या जुन्या फियाटचा होता तसला,
पांढरा, पण दवाखान्याचा नको.
आणि मी काठी फिरवत फिरवत
शब्दाचा रंग करून द्यायचो.
पांढऱ्यात थेंबभर नीळ.
ती दिसायची नसते,
पिवळेपणाला मारून
तिनंही मरायचं असतं.

"चाचा, नीळ जास्त होतेय,"
बशीर म्हणाला होता.
मग आणखी एकदा, गिऱ्हाइकासमोर.
मी काठी बादलीवर आपटून विचारलं,
डोळे तुझे जुने की माझे?
पुढे तो काही बोलला नाही.
पुढे तो आलाही नाही.

काल गंज पेठेत गेलो.
सुपेकरांची चार मजली इमारत, माझ्या हातची,
नऊ वर्षांपूर्वीची, दुधासारखी.
सापडेना.
टपरीवर विचारलं,
सुपेकरांची पांढरी बिल्डिंग?
"पांढरी नाय इथं कुठली.
ती निळी का?"

समोरच होती.
डावा मिटून पाहिली: निळी.
उजवा मिटून पाहिली: दूध.
गॅसवाले, कुरिअरवाले, रिक्षावाले,
सगळ्यांच्या तोंडी "निळीच्या मागं",
"निळीच्या अलीकडं उतरवा".
मीही ऐकलं होतं हे, कितीदा,
आणि वाटलं होतं,
निळे आडनावाचं कुणी राहत असेल.
पुण्यात काय,
मारुतीलासुद्धा काहीही नावं असतात.

दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी
शाळेचा युनिफॉर्म वाळत घालत होती.
या निळ्यातच चालायला शिकलेली.
चित्रकलेच्या वहीत तिचं घर निळंच असणार
आणि बाई म्हणत असतील, छान.

रात्री बशीरचा नंबर मिळवला.
कोंढव्यात स्वतःचं दुकान आहे आता.
"रागावलो नव्हतो चाचा," म्हणाला,
"मला वाटलं माझेच डोळे गेले.
दोनदा तपासून आलो.
ठीक आहेत म्हणाले दोन्ही वेळा.
पण तुमच्यापुढं डॉक्टरचं काय ऐकायचं?
अजूनही पांढरा करताना
मी दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घेतो."

मला काही सुचलं नाही.
त्याच्या मागे यंत्र डबा घुसळत होतं.
हल्ली नंबर टाकला की झालं.
"हॅलो," तो म्हणाला, "चाचा, आहात ना?"

मालननं पडद्याचं कापड आणलंय,
लक्ष्मी रोडवरून, घासाघीस करून.
खिडकीला धरून उभी आहे.
"दुकानदार मोतिया म्हणाला.
मला पांढराच वाटतोय.
बघा बरं."

मी उजवा मिटतो.
मग डावा.
"तू सांग," म्हणतो.

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली.
रंग मी तिला कधी विचारला नव्हता.
ती माझ्याकडे बघते,
मग कापड उजेडाच्या आणखी जवळ नेते
आणि बराच वेळ
काहीच बोलत नाही.