शेवटची वीत

नव्वद पौंड. त्यातले वीस उधार.
हिरवी ॲल्युमिनियमची रेसर, मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल,
कुणाच्या तरी गॅरेजात सहा वर्षं उलटी टांगलेली.
तिला हिवाळा ठाऊकच नव्हता.
मला होता. बेकरीची पाळी पहाटे चारला,
मध्ये टे नदी, नदीवर लांबलचक पूल,
पलीकडे डंडी, अंधारात, दिवे लावून बसलेली.
पहिली बस निघते तेव्हा माझे पाव भट्टीतून बाहेर आलेले असतात.

वरच्या मजल्यावर स्ट्रूअन मॅकफी.
गुडघे गेले, हत्यारं राहिली.
त्यानं सायकलकडे पाहिलंच नाही आधी,
टायर आणि फोर्क यांच्यामधल्या फटीत बोट घातलं,
तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं.
"करंगळी जाते. अंगठा नाही.
जाड टायर घे, नाहीतर मडगार्ड घे.
दोन्ही म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

मी दोन्ही मागितली.

मग चार शनिवार त्याच्या स्वयंपाकघरात,
जमिनीवर वर्तमानपत्रं, चहा गार.
सीटची दांडी उपसली, आत ठणठणीत कोरडी.
बोटानं ग्रीस फिरवत म्हणाला,
"आज नाही लावलं तर मार्चमध्ये करवत आणावी लागेल."

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
इथल्या रस्त्यावरचं मीठ स्वतःच खातं,
आधी साखळी, मग नट, मग ब्रेकची तार,
आणि कुणालाच जागत नाही.
म्हणून दाट तेल, कडीला एक थेंब,
आणि वरचं सगळं पुसून काढायचं.
"पुसणं हेच काम," तो म्हणे, "तेल घालणं ही हौस."

मागे दोन लाल दिवे.
एक दगा देणारच, फक्त कोणता ते आधी कळत नाही.

हवा शंभरावरून ऐंशीवर आणली.
टायर दाबून बघ म्हणाला, शिकवायला लागला,
मी म्हटलं, राहू दे.
रोज रात्री पिठाच्या गोळ्यात बोट रुतवून
ते किती सावकाश वर येतं ते बघते मी.
हे पुष्कळ कडक. पण भाषा तीच.

मडगार्ड ब्रेकखालून जाईना.
त्यानं ते मधोमध कापलं,
अर्धं पुढून, अर्धं मागून,
जुन्या ट्यूबच्या चिंध्या खाली, प्लॅस्टिकचे पट्टे वर.
दिसायला तुटक्या हाताला फळी बांधल्यासारखं.
झालं, असं मी म्हणणार
तर त्यानं दुधाचा रिकामा कॅन उचलला,
कात्रीनं वीतभर पट्टी कापली
आणि मागच्या मडगार्डच्या टोकाला लोंबती ठोकली,
जवळजवळ रस्त्याला टेकेल इतकी.

"हिनं माझी पाठ कोरडी राहणार?"
"तुझी नाही. मागच्याची."
"पहाटे साडेतीनला माझ्यामागे कोण असतं?"
तो रिव्हेट ठोकत राहिला.

नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी,
माझ्यामागे वारा.
पट्टी फटफटत राही, उगाच,
रिकाम्या पुलाला कोरडं ठेवत.

फेब्रुवारीत एकदा पुलाच्या निम्म्यावर
माझी सावली माझ्यापुढे पडली.
मागे दिवा. ओलांडून जाईना, मागेही पडेना.
भीती वाटली, खोटं का बोलू.
मग कळलं, वाऱ्याच्या आडोशाला आलंय कुणीतरी,
माझ्या चाकाला चिकटून, गुमान.
मी वेग तसाच धरला. दोन्ही बाजूंना काळं पाणी.

डंडीच्या टोकाला खाली उतरायची लिफ्ट.
दोन सायकली तिरक्या करून कशाबशा मावल्या.
बाई होती, पन्नाशीची, टपालखात्याचं जाकीट.
चष्मा काढून पुसायला गेली
आणि थांबली. पुसण्यासारखं काही नव्हतं.
"या हिवाळ्यात तोंडावर न थुंकलेलं
हे पहिलं चाक," म्हणाली.
दार उघडलं. ती डावीकडे गेली.

स्ट्रूअनला अजून सांगितलं नाही.
विसातले बारा द्यायचे राहिलेत त्याचे,
ते घेऊन वर जाईन, तेव्हा.