अद्ययावत

लिएपाया बंदरात तिसऱ्या धक्क्यावर
बर्चच्या ओंडक्यांनी पोट भरून घेणारं जुनं जहाज.
शिडी चढताना वारा टोपी मागत होता.
मी दिली नाही.

माझं काम साधं आहे.
ब्रिजवर जायचं आणि कागद मागायचे.
ठरल्या प्रवासाला पुरतील इतके नकाशे,
मागल्या आठवड्यापर्यंत सुधारलेले.
दीपांची यादी, किनाऱ्याची वर्णनं, रेडिओ संकेतांचा खंड,
भरती-ओहोटीची कोष्टकं.
(आमच्या समुद्राला भरती जेमतेम वीतभर,
पण जहाज पुढे हलला जाणार, तिथे ती पुरुषभर चढते.)
पडद्यावर नकाशा असेल तर जोडीला दुसरा पडदा,
नाहीतर कागद.
एक डोळा गेला तर दुसरा हवा,
एवढंच कायद्याला म्हणायचं असतं, तो ते चार पानांत म्हणतो.
शिळं अन्न एक वेळ खपेल,
शिळा नकाशा नाही.

सेकंड मेट रोदेल, इलोइलोचा,
जागरणाने डोळे तांबारलेले.
कॉफी पुढे करतो. मी नको म्हणते.
नियम म्हणून नव्हे,
ती फारच वाईट दिसत होती.

खण अडकतो, मग एकदम सुटून अंगावर येतो.
नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात, तळाशी,
बारीक जांभळे आकडे, सुधारणांचे क्रमांक, रांगेने.
आधी कुणा जुन्या मेटच्या शाळकरी अक्षरात,
मग रोदेलच्या घाईत,
मग काहीच नाही.
एकोणीस आठवडे.

सवयीने बोट किनाऱ्यावरून खाली नेते.
बर्नातीच्या पश्चिमेला येऊन ते थांबतं.
ठिपक्यांचा लंबगोल, आत आकडा: अकरा मीटर.
झीले.
म्हणजे आमच्याकडचा पिवळ्या छातीचा चिमुकला पक्षी,
आणि माझ्या भावाची बोट.

गुंतिस स्प्रॅट धरायला गेला त्या नोव्हेंबरात
सूचना एका ओळीत आली होती:
अक्षांश, रेखांश, घाला.
जगातल्या ज्या ज्या जहाजाला इथून जायचं
त्याने त्याने पेन उचलून
माझ्या भावाला नकाशात घातलं.
कुणाला नाव ठाऊक नव्हतं. खोली ठाऊक होती.

या एप्रिलमध्ये दुसरी ओळ आली:
तेच अक्षांश, तेच रेखांश, काढा.
क्रेनने तिला उचललं, भंगारवाल्याने तोललं.
आईच्या हाती एक थर्मास आला.
झाकण बसून गेलेलं.
आम्ही जोर लावला नाही.

आता सुधारलेल्या प्रत्येक नकाशात
तिथे पाणी आहे, निव्वळ पाणी,
तो बुडाला त्याच्या आदल्या दिवशी होतं तसं.
फक्त या गबाळ्या जहाजावर
झीले अजून तळाशी आहे.
आणि त्याबद्दल मला याला
दोषी धरायचं आहे.

"आत्ता करतो, मॅडम," रोदेल म्हणतो.
सूचनांचा गठ्ठा उपसतो, पट्टी शोधतो,
जांभळं पेन झटकतो, पुन्हा झटकतो.
मी म्हणू शकले असते, राहू दे एवढं एक.
जिभेवर आलं होतं.
पण लोखंड नसलेल्या जागेला वळसा घालणारा
दुसरीकडच्या वाळूवर चढतो,
हे मीच नव्या पोरांना शिकवते.

त्याने रेघ मारली. सरळ, बारीक.
खरवडलं नाही.
हातातल्या नकाशाचा तो जुना रिवाज:
खोडायचं, पण असं की
काय खोडलं ते वाचता यावं.
शेजारच्या पडद्यावर मात्र
त्या जागी कधी काही होतं
याचा मागमूस नव्हता.

अहवालात लिहिलं:
नकाशे अद्ययावत नाहीत,
निघण्यापूर्वी दुरुस्त करावेत. खाली सही.
तो बाकीचे अठरा आठवडे उघडून बसला.
मी खुर्ची ओढली आणि
गार झालेली कॉफी घेतली.
दिसत होती तितकीच वाईट होती.
संपवली.