बादल्या, नग चार हजार

बेलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
चौकशी अधिकाऱ्याने एवढंच विचारलं,
"हा आयातदार तुम्ही पाहिलाय?"

एकतीस वर्षं बिल ऑफ एंट्री भरली, साहेब.
खजूर, बेअरिंगं, गिरणीचे पट्टे,
एकदा तर सर्कशीचा तंबू सोडवला न्हावाशेव्यातून.
माल पाहिला. माणूस कशाला पाहायचा?
पॅन होतं, कोड नंबर होता,
विजेचं बिल होतं भिवंडीतल्या गाळ्याचं.

परवा गेलो तिथे. उशिराच.
गाळ्यात एक बाई
पापड मोजून पिशव्यांत भरत होती.
बिल दाखवलं तर म्हणाली,
"मीटर आमचाच. नाव कुणाचं, देव जाणे."
आणि मोजणी चुकली म्हणून
पहिल्यापासून मोजायला बसली.

मी बादल्या लिहिल्या होत्या.
निघाल्या सिगारेटी.
खाली सही माझी, तेंडोलकर, वळणदार,
वडिलांनी गिरवून घेतलेली.

लायसन रद्द. अनामत जप्त.
कार्ड जमा करा म्हणाले.
गळ्यातून काढताना दोरी चष्म्यात अडकली.
कार्डावरचा फोटो जुनाच,
काळे केस, डावीकडे भांग.

अधिकाऱ्याने तो पाहिला,
मग माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा फोटोकडे.

नीट खात्री करून घेतली त्याने,
की हा मीच.