खाली उजवीकडे

आठ महिने मी जोमा पदाजी मढवीचं अक्षर गिरवलं.
निळीत तीनदा बुडवलेल्या मांजरपाटावर,
घणसोलीच्या खाडीचं पाणी आटवून केलेल्या शाईनं.
ओलं असताना काही दिसत नाही.
रात्रभर पंख्याखाली ठेवायचं,
सकाळी अक्षरं पांढरी फुटलेली,
सदऱ्याच्या पाठीवर घाम वाळतो तशी.

सतरा पत्रं.
एक विड्यांच्या बंडलाच्या कागदावर, दोन रेशनच्या फॉर्मांमागे,
बाकीची वहीची पानं.
त्रेचाळीसच्या श्रावणापासून पुढच्या होळीपर्यंत
तारा तोडून फरार झालेला माणूस
मुरबाडच्या रानातून बायकोला कळवतो:

बांदाला खांड परली का.
देवकीचा दात परला का.
रामा शेटचे अकरा रुपय देव नको, मी येन तवा देन.
रॉकेल नाय त लवकर जेवा.
माजी काल्जी करू नको. पायाला फोर आलाय, येवराच.

क्रांती हा शब्द सतरा पत्रांत कुठेच नाही.
मंडळाची पोरं म्हणाली, ताई, एखादी बंदूक तरी काढा,
नाक्यावरच्या चौकाला नाव आहे त्यांचं.
मी तो फोडच ठेवला,
पाच फूट लांब, मिठात.

आणि बारावं पत्र.
रातचा भ्याव वाटतं. कोनाला सांगू नको.
ते मी सगळ्यांत मोठं केलं,
दारातून आत आल्या आल्या दिसेल असं.

तलावपाळीजवळचा हॉल, पहिला दिवस.
देवकाआत्या नातवाचा दंड धरून जिना चढली.
पंचाऐंशीच्या पुढची, दात एकही नाही.
रखवालदारासमोर तिनं कापडाला बोट लावलं
आणि चाटलं.
"खारा हाय."
मग बराच वेळ बघत राहिली.
"अक्षर कवरा गोमटा! कोनाचा?"

जोमाबाबाचं, मी म्हटलं.

"बाबाला कुठं लिवाला येत होता?
अंगठा होता त्याचा. आयचा पन अंगठा.
तिकरं कोन तरी लिवाचा, हिकरं मास्तर वाचाचा,
आय तोंडाव पदर धरून आयकाची.
मास्तर गेला का मंग कागद हातान घ्याची
न हितं बघाची, खाली, उजवे हाताला.
कई हसाची. कई जेवाची नाय.
हितला तू काय नाय काडलास?"

हितलं होतं.
प्रत्येक पत्राच्या तळाशी एक तिरकी रेघ,
खाली ठिपके, कधी तीन, कधी चार.
मला वाटलं, पेन्सिल चालते का बघितलं असेल.
फोटो काढताना मी ते कातरलं.

काय होतं ते, आत्या?
"मना काय म्हाईत. मी पोर होती."

साडेआठला हॉलचा एसी बंद करतात.
मीठ हवेतलं पाणी पिऊ लागतं.
मी एकटीच खुर्चीवर बसून होते,
अक्षरांना घाम फुटला,
फोड विरला, शेटचे अकरा रुपये विरले.

भ्याव वाटतं, हे त्याला आधी
दुसऱ्या पुरुषाला मोठ्यानं सांगावं लागलं असेल,
झाडाखाली, तो लिहिणारा थांबला तर पुन्हा एकदा.
मग मास्तरानं ओसरीवर वाचलं, पोरीदेखत.
कोनाला सांगू नको
हे माझ्या भिंतीवर यायच्या आधीच
दोन परक्या तोंडांतून गेलं होतं.
आणि भीती त्याचीच होती की लिहिणाऱ्याची,
तेही आता कोण सांगणार.

घरी येऊन बिस्किटाचा डबा उघडला.
सतराही कागद ओट्यावर मांडले.
वळणदार, गोमटं अक्षर वरती,
आठ महिने माझ्या मनगटात भिनलेलं,
कुणाचं ते माहीत नाही.

बाराव्यावर रेघ आहे.
ठिपके नाहीत.
रेघ इतकी दाबून ओढलेली
की कागद मागून फाटलाय.