गंजगोलाईत मोजणी

नळदुर्गाहून निघताना दंडिमे काकांनी
पाणीमहालाच्या भिंतीला कान लावला,
डॉक्टर छातीला लावतो तसा.
बोटाच्या पेरानं दोनदा टकटक.
"पोकळ नाही," म्हणाले.
चारशे वर्षं नदी अडवून उभ्या दगडाला
एवढंच प्रमाणपत्र.

बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं आरेखक.
आता एका डोळ्यात मोतीबिंदू,
मांडीवर धपाट्यांचा डबा,
आणि खिशात अजून ती
सहा इंचांची स्टीलची पट्टी.
गाडी माझी, पेट्रोल माझं,
रस्ता त्यांचा.

लोहारा गेल्यावर ते गप्प झाले.
सास्तूरच्या अलीकडं म्हणाले, काच खाली कर.
बाहेर काढणी झालेलं सोयाबीन, धूळ,
आणि ओळीनं घरं. सगळी एका मापाची,
एकमेकांपासून अंतर राखून उभी,
वाटणीनंतर लग्नात भेटलेल्या भावांसारखी.
"ही अंतरं माझी," म्हणाले.
"भूकंपानंतरचा उन्हाळा. पत्र्याची शेड.
लोक यायचे, कागदावर वाकायचे.
एक म्हातारी रोज विचारायची,
भिंतीला भिंत न्हाई तर
रातच्याला हाक कशी जायची, सायब?
मी पट्टी ठेवायचो
आणि रेघ मारायचो."

मी गिअर बदलला. दुसरं काय करणार.

औश्याला थांबलोच नाही.
किल्ल्याच्या दिशेनं त्यांनी नुसता हात केला,
चालत्या एसटीतून ओळखीच्याला करतात तसा.

मग लातूर. मग गोलाई.
नकाशावर ती बैलगाडीचं चाक:
मधोमध देवी, भोवती दुमजली गोल बाजार,
आणि सोळा आरे, सोळा रस्ते.
काचेतून मात्र नुसत्या रिक्षा,
मिरचीचा ठसका, गुळावरच्या गांधीलमाश्या,
हॉर्न, आणि उजव्या हाताला सतत देवी
म्हणजे न ठरवता प्रदक्षिणा.

"मोज," काका म्हणाले.
पहिल्या फेरीत पंधरा.
दुसऱ्या फेरीत केळ्यांचा गाडा आडवा आला,
सतरा.
तिसऱ्या फेरीला हवालदारानं शिट्टी फुंकली,
"ओ ताई, कवाधरनं फिरायलाव! नवस हाय का?"

गाडी लावली. कमानीखाली
रजियाबी पटवेगर पोत ओवत बसलेल्या,
धाग्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला,
दुसरं दातात.
सोळा रस्ते कुठंयत म्हणून विचारलं
तर आधी मणी सरकवला, मग मान वर.
"ज्या रस्त्यानं आलाव, त्यो धरला का?"
नाही.
"मग पंधराच व्हनार. येनारा मानूस
सोताची वाट मोजतच न्हाई."
आणि सतरा?
"दोनदा धरला आसंल. येताना बी, जाताना बी."

काकांचं लक्ष इकडं नव्हतं.
ते तिच्या बोटांकडं बघत होते.
"प्रत्येक मण्यामागं गाठ का मारता?"
"तुटली तर एकच मनी जातोय.
गाठ नसली की समदेच सांडतेत."
"आणि मण्याला मणी लागत नाही,
वाईट दिसत नाही?"
तिनं पोत उन्हात धरली.
"गळ्यात घातल्यावर कोन बघतंय, भाऊ."

काका उठले. कमानीच्या कडेनं
जिथं भिंत वळायला लागते तिथं
खिशातली पट्टी काढून टेकवली.
खाली वाकून, चांगल्या डोळ्यानं,
पट्टीखालून उजेड येतो का पाहिला.
नाही आला.
सहा इंचांत गोलाई सरळच निघाली.

तिथंच पायरीवर बसून आम्ही धपाटे खाल्ले.
रजियाबींना दिले, त्यांनी लसणाची चटणी काढली.
पोत एकशेवीस रुपयांना.
कुणासाठी, ते काकांनी सांगितलं नाही.

चाकावर बसल्यावर मी विचारलं,
आता कुठल्या रस्त्यानं?
"आलो त्याच."
आणि मग आम्ही दोघं
काच खाली करून, पुन्हा एक फेरी,
कापड, भांडी, सराफा, चपला,
आपण नक्की कुठून आलो
ते शोधत.